एसवेरच्या पोटचा

पूर, दुसरा महिना, दिवस ३

पेते गेला. खजुराच्या झाडावरून पडला. कमरेचा दोर तुटला आणि खाली आला — संपलं! चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, तीस वर्षं रोज झाडावर चढतोय, आणि मेला कशापायी, तर एका कच्च्या घडापायी.

आईनं तोंडाला चिखल फासला, छाती बडवून घेतली. "माझा गेला गं! आता मला कोण आहे!" सगळी गल्ली जमली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मी कोण? भिंत?

पंचांगात पुराचा ऋतू चालू आहे. नदी मात्र कधीच उतरून गेली, लोकांनी पेरणीही केली. आमच्या घरासारखंच आहे हे पंचांग. म्हणायचं एक, असायचं भलतंच.

दिवस ४

मढी गुंडाळायच्या मांडवात नेला. मी पाणी ओतलं, पबेकनं धुतला. पबेक म्हणजे आमच्या मांडवातला सगळ्यात जुना गुंडाळणारा. गावातली निम्मी मढी त्याच्या हातून गेलीत. धुता धुता म्हणाला, "लेखणीवाले, तुमचा भाऊ चांगला दिसतो हो मेल्यावरही. काही काही लोक जिवंतपणीही असे दिसत नाहीत." माझ्याकडे बघून म्हणाला! कामाच्या ठिकाणी दात काढायचे नसतात हे याला कोण सांगणार.

पण खरं आहे. चेहरा तसाच, हसरा. सगळ्यांचा लाडका.

दिवस ६

आतडी काढायला आज त्याला चिरलं. पोटाच्या डाव्या अंगाला शाईची रेघ ओढायची, हे लेखकाचं काम. म्हणजे माझं. काळ्या दगडानं त्या रेघेवर चिरायचं, ते चिरणाऱ्याचं. मग मेलेल्याच्या अंगाला जखम केली म्हणून सगळ्यांनी दगड घेऊन त्याच्या मागे धावायचं. रेघ ओढणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही!

लोक जपून मारतात, पायांच्या आसपास. उद्या आपल्याच घरी लागणार असतो तो. आई नाही. तिचा धोंडा थेट कानशिलावर बसला. रक्त आलं. बिचारा थांबून, वळून म्हणाला, "मावशी, रीत असते हो नुसती!"

"माझ्या पोराला फाडलंस आणि वर मलाच रीत शिकवतोस?" आई दुसरा धोंडा शोधत होती. मीच तिचा हात धरला.

माझ्यासाठी ती खडा तरी उचलेल का? मनात आलं. आलं ते लिहिलं.

दिवस ८

पेते खाराखाली गेला. पस्तीस दिवस आता तिथंच. खार पाणी ओढून घेतो, मग राळ, मग पट्ट्या. पट्ट्यांवर मंत्र आणि नाव लिहायचं ते मी. वीस वर्षं हेच करतोय. परक्यांची नावं लिहिताना हात कधी अडला नाही. आज घरी येऊन नुसता कोरी पट्टी समोर घेऊन बसलो.

कारण नाव म्हणजे नुसतं नाव नसतं. मेलेला प्रत्येक जण ओसिरिस, म्हणजे मेलेल्यांचा देवच होतो, पण कुठला ओसिरिस? तर अमकीच्या पोटचा. काळीज आईकडून येतं, म्हणून तिकडे काळीज तोलायच्या तराजूपाशी आई विचारतात. बापाला तिथं कुणी विचारत नाही. आईचं नाव चुकलं की तो माणूस तो उरत नाही. न्याय करायला बेचाळीस देव बसलेले असतात, त्यातला एकही ओळख दाखवत नाही. आणि पेतेला तर मूलबाळ नाही, बायको तीन वर्षांपूर्वी गेली. त्याचं नाव मागे कुणी घेणार नाही. पट्टीवर असेल तेवढंच.

तर लिहायचं काय? ओसिरिस पेतेहोर, एसवेरच्या पोटचा. एसवेर म्हणजे आई. सगळं गाव हेच सांगेल.

खोटं आहे ते. मला ठाऊक आहे.

दिवस ९

काल अर्धवट ठेवलं. आज लिहूनच टाकतो. या पानांना कोण विचारतोय! मांडवात मंत्र लिहिताना बिघडलेल्या गुंडाळ्यांच्या कोऱ्या पाठी आहेत या.

मी नऊ वर्षांचा होतो, शाळेतून सुटीला आलेलो. आईनं मला बडवलं होतं, पेतेनं फोडलेल्या घड्यासाठी. मी आत्याकडे जाऊन रडत बसलो. आत्या बिअर गाळत होती, थोडी प्यायलीही होती. म्हणाली, "उगी रे. आधी तुमच्या घरात दुसरी एक होती. कोप्तोस गावची. तामिन. विणायची. तिला मूल झालं आणि तुझ्या आईनं तिला हाकललं, मूल ठेवून घेतलं. अशी आहे तुझी आई! कुणाकडे बोललास तर जीभ उपटीन."

कुठलं मूल हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आधी दुसरी होती, आणि आधी जन्मला कोण? पेते!

त्या दिवसापासून माझ्या पोटात जळतंय. सवतीचं पोर, आणि त्याला मांडीवर! खजुराचा पहिला घड त्याला, बदकाची तंगडी त्याला, आणि मी पोटचा असून मला सातव्या वर्षी देवळाच्या शाळेत धाडलं. काठीचा मार आणि शिळा पाव. पेते दिवसभर आईच्या अवतीभवती. एकदा म्हटलं तिला, मलाही झाडावर चढू दे. तर म्हणाली, "तू नाही. तुला काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?" तोंड दाखवायची काळजी! जिवाची नाही.

दिवस १७

आईनं कापडाची पेटी उघडली. पट्ट्यांना कापड घरचंच लागतं, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पबेक टरकावायला बसला. आई एकेक चादर उलगडून सांगत होती. "ही त्याच्या लग्नातली. हिच्यावर तो ताप काढून उठला." पबेक मान डोलवतोय आणि फाडतोय — टर्र!

तळाशी एक लहान चादर निघाली. पिवळी पडलेली, विणकाम असं की बोट लावलं तर घसरतं. कोपऱ्यात शाईची खूण. आईला वाचता येत नाही. मला येतं. तामिन.

पबेकनं हात लावला तशी आईनं हिसकावून घेतली. "ही नाही! ही राहू दे." चेहरा पांढरा पडला होता.

तीस वर्षं एका प्यायलेल्या म्हातारीच्या बोलण्यावर मी जळत होतो. आज पुरावा मिळाला.

तिसरा महिना, दिवस २

काही नाही. खार बदलला. पेते अर्धा झालाय.

तिसरा महिना, दिवस ११

आई रोज मांडवात येते. पबेकला कांदे, मसूर, गरम पाव. मला विचारत नाही जेवलास का. पबेकला म्हणते, "त्याची बोटं सांभाळ हो. झाडावर चढायची बोटं आहेत." पबेक म्हणतो, "मावशी, अशी गुंडाळतो की परत झाडावर चढला पाहिजे!" दोघं हसली. हसता हसता ती खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. "माझा पहिला होता रे तो. पहिला."

पबेकचे डोळे भरले. माझे नाही. अजून नाटक! मढ्यासमोरसुद्धा खोटं बोलते ही बाई.

तिसरा महिना, दिवस १४

विचार केला. नीट केला. रागाच्या भरात नाही.

पेते वाईट नव्हता. त्याच्या हातचं मी कितीदा खाल्लंय. शाळेतून सुटीला यायचो तेव्हा तो माझ्या पाठीवरचे वळ बघून गुरुजींना शिव्या द्यायचा, अशा अस्सल की मला हसू यायचं. मग तो तिथं खोट्या नावानं का जाईल? बेचाळिसांपुढं उभा राहील, पट्टीवर एसवेर, काळजात तामिन. दोन्ही जुळणार नाहीत. मग काय? दारातूनच परत! कायमचा. खरं नाव ठाऊक असलेला या मांडवात मी एकटा आहे.

म्हणजे खरं लिहिणं हे माझं कामच झालं.

तिसरा महिना, दिवस १५

काल लिहिलं ते सगळं खरं, पण अर्धं. उरलेलं अर्धं हे, की आई उद्या मरेल आणि तिकडे जाऊन त्याला शोधेल. माझा पेते कुठाय, म्हणेल. तिथले म्हणतील, एसवेरच्या पोटचा असा कुणी इथं आलेलाच नाही. फिरू दे तिला! मी चाळीस वर्षं तिच्या अंगणात फिरलो तशी.

लिहिताना एकही खाडाखोड झाली नाही. याचीच जरा भीती वाटली.

तिसरा महिना, दिवस २३

आई नदीवर गेली तेव्हा पेटीतून ती लहान चादर काढली. फाडली. आठ पट्ट्या झाल्या. अंगाला लागून असणारा पहिला थर याचाच व्हावा. त्याच्या आईनं विणलेलं आहे, त्याच्याच अंगाला लागलं पाहिजे.

तिसरा महिना, दिवस २५

गुंडाळणं सुरू झालं. आधी बोटं, एकेक वेगळं. मग हात, पाय. मंत्र म्हणणारा म्हणतोय, पबेक गुंडाळतोय, राळेचा वास डोक्यात गेलाय. मी शेजारी बसून लिहितो आणि ओली पट्टी वाळली की पुढं सरकवतो.

ओसिरिस पेतेहोर, तामिनच्या पोटचा.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं आत्ता कुणीतरी ओरडेल. कोण ओरडणार! पबेकनं पट्टी उजेडात धरली. "काय सुबक काढता हो! मला काय, मुंग्या चालल्यात असंच दिसतं."

"मग मुंग्यांकडे बघू नकोस, गुंडाळ."

"भाऊ आहे म्हणून इतकं जीव लावून लिहिताय, नाही? बाकीच्यांचं फरपटत लिहिता."

मी पुढची पट्टी सरकवली. मांडवाच्या प्रमुखांना वाचता येतं, पण ते कोल्ह्याचा मुखवटा घालून येतात आणि त्यातून त्यांना समोरचा खांबही दिसत नाही. ते फक्त सगळ्यात वरचं कापड तपासतात. वरच्या कापडावर एसवेर लिहीन. जगाला दाखवायला; तिकडे मोजतात त्या अंगाच्या पट्ट्या.

तिसरा महिना, दिवस २९

आई आज माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याजवळ! गुडघे दुखतात म्हणून आधी पबेकच्या खांद्याला धरलं, मग माझ्या. हात तसाच ठेवला.

"वेन, वाच की. काय लिहिलंयस त्याच्यासाठी?"

मांडीवर ओली पट्टी होती. मी वाचलं. "ओसिरिस पेतेहोर, एसवेरच्या पोटचा."

"यात मी कुठली?"

बोट धरून दाखवलं. तामिनवर ठेवलं तिचं बोट.

"एवढीशीच?"

"नावं एवढीच असतात."

तिनं पट्टी उचलून त्या अक्षरांना ओठ लावले. ओठाला शाई लागली. पबेक तिकडे नाक पुसतोय! मला हसू येत होतं, ते मी आतल्या आत दाबलं. चांगलं हसू नव्हतं ते.

जाताना म्हणाली, "तुला शिकवलं ते बरं केलं मी. तेवढं तरी बरं केलं." आणि मग थांबून, "जेवलास का?"

चाळीस वर्षांनी सुचलं!

चौथा महिना, दिवस १

रात्रभर तो प्रश्न डोक्यात. जेवलास का. उगीच विचारलंन. न विचारती तर बरं होतं.

आजच्या सहा पट्ट्या लिहिल्या. अक्षर बिघडलं, दोन टाकून दिल्या.

चौथा महिना, दिवस ७

अजून थांबता येईल का, असा विचार आला. वरच्या चार थरांवर एसवेर लिहिलं तर? मग आतलं एक, वरचं एक, आणि तो मधल्या मधे अडकेल. त्यापेक्षा एकच काय ते. पबेकला म्हटलं, आतल्या पट्ट्या परत उलगडता येतात का रे? तो खो खो हसला. "लेखणीवाले, राळ ओतलीय वरून! आता तो देवाच्या बापालाही उलगडायचा नाही. का हो, काही राहिलं का?"

म्हटलं, नाही. सगळं आहे.

चौथा महिना, दिवस ११

शेवटची पट्टी. मोजल्या — एकशे त्र्याहत्तर वेळा तामिन. वर लाल काठाचं कापड, त्यावर ठळक, एकदाच, एसवेर. प्रमुखांनी मुखवटा वर करून पाहिलं. "सुंदर," म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

चौथा महिना, दिवस १२

पुरला. सत्तर दिवस झाले. पुजाऱ्यानं तोंड उघडायचा विधी केला, तिकडे बोलता यावं म्हणून. आईनं शवपेटीला कवटाळलं, चार बायकांनी सोडवलं. थडग्यात नेला, दाराशी दगड रचले, वर गिलावा, ओल्या गिलाव्यावर शिक्के.

रडणाऱ्या बायका घसा बसेपर्यंत रडल्या, मग बाहेर बसून बदक खाल्लं सगळ्यांनी. मीही खाल्लं. तंगडी माझ्या वाट्याला आली. आईनंच वाढली. अर्धी तशीच ठेवली.

चौथा महिना, दिवस १४

हलकं वाटायला हवं होतं.

चौथा महिना, दिवस १६

आई पेटी उपसत होती. काय शोधतेस म्हटलं, तर म्हणाली, "एक चादर होती. लहान. द्यायची होती कुणाला तरी." मी म्हटलं, गेली असेल पट्ट्यांत. ती पेटीच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "असू दे. त्याच्या अंगाला लागली तर लागली. भाऊच होते ना दोघं."

काय बोलते कळत नाही. पेते गेल्यापासून अशीच, अधूनमधून भलतंच बडबडते.

चौथा महिना, दिवस १९

नावाड्याला गाठून तिनं कोप्तोसला कुणाला तरी निरोप धाडला. मी विचारलं, कोण आहे तिथं? म्हणाली, "माझं एक देणं आहे." तिला कुणाचं काय देणं? म्हातारपण!

पण कोप्तोस. तामिनचं गाव! आपली चूक समजली वाटतं तिला. पेतेच्या आईला बोलावतेय. आता, सगळं झाल्यावर! रडायला सोबत हवी असेल.

येऊ दे. तिला मी थडग्यापाशी नेईन. बाजूला घेऊन सांगेन — बाई, काळजी करू नकोस. तुझा पोरगा तुझ्याच नावानं गेलाय. एवढं एक चांगलं काम माझ्या हातून झालंय.

चौथा महिना, दिवस २५

उद्या सण. आई गळ्यात घालायच्या माळेसाठी कांदे ओवत होती. दारात एक म्हातारी उभी राहिली, कोप्तोसच्या नावेतून आलेली. आईनं तिला हाताला धरून आत आणलं, स्वतःच्या चटईवर बसवलं. मग मला हाक मारली.

"वेन, बाहेर ये. तुझी आई आलीय."

चुकली म्हणून मी दुरुस्त केलं. "पेतेची."

"पेते माझा. तो चार वर्षांचा होता तेव्हा ही आली या घरात. तू झालास तेव्हा माझी तान्ही लेक नुकतीच गेली होती, पान्हा तसाच होता. हिच्या अंगावरून तुला ओढून घेतला आणि हिला नावेत बसवली. आता माझा गेला, तेव्हा कळलं. हिचा तरी हिला दिसू दे."

ती म्हातारी माझी बोटं चाचपत होती. एकेक.

पेतेला तिकडे आईचं नाव विचारतील. तो एसवेर सांगेल, खरं तेच सांगेल, आणि त्याच्या अंगावरचं माझं अक्षर त्याला खोटं पाडेल.